पेटीच्या डाव्या बाजूची खाच

सोमवार, ९ जानेवारी

आजपासून रोजनिशी. रोज लिहीन असं नाही, लिहिण्यासारखं घडलं तर लिहीन.

आज नव्या खरेदी अधिकारी मॅडमनी बोलावून सांगितलं, की लसीच्या नव्या पेट्यांचं तपशीलपत्रक मी लिहायचं. हे काम नेहमी इंजिनिअर करतो. आमच्या इंजिनिअरची बदली झाली आणि दुसरा अजून हजर झालेला नाही. मी आरोग्य खात्याचा भांडारपाल. शिक्षण शाळेपुरतं, पुढचं सगळं माझं मी. व्हर्नियरने बारीक मापं घ्यायलासुद्धा मी कंडम मालात सापडलेल्या व्हर्नियरवर शिकलो आणि मग तो खात्यात पुन्हा जमा करून घेतला. ऑफिसात मला पाठीमागे ‘सूतभर’ म्हणतात. एका दाराच्या बिलावर ‘सूतभर कमी’ असा शेरा मारून मी दार परत पाठवलं होतं, तेव्हापासून. मला राग येत नाही. दार खरंच सूतभर कमी होतं.

तपशीलपत्रक म्हणजे केवढी गोष्ट असते, हे मला आज घरी येताना उमगलं. आपण दुकानात जाऊन ‘ते तसलं द्या’ म्हणतो, तसं सरकारला म्हणता येत नाही. सरकारला वस्तू आधी कागदावर घडवावी लागते. मग कुठल्या तरी गावातला, आपण कधी न पाहिलेला माणूस तो कागद वाचून पत्रा कापायला घेतो. कागदात राहिलं ते वस्तूत राहिलं. विचार केला आणि रस्त्यात थांबलोच.

जुन्या पेट्यांची झाकणं आता नीट बसत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात डोंगरावरच्या वस्त्यांना पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालं. लस फेकावी लागली, पोरं काखेत घेऊन आलेल्या बाया तशाच परत गेल्या. माझी धाकटी बहीण तिकडच्याच केंद्रात नर्स आहे, तिने सांगितलेलं. उन्हाळा तापायच्या आत नव्या पेट्या यायला हव्यात. ते आता माझ्या हातात आहे.

मंगळवार, १० जानेवारी

कंडम मालाच्या खोलीत गेलो. जुन्या पेट्या सगळ्या एकाच कारखान्याच्या, बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा, आत फोम. तो कारखाना कधीच बंद पडला, आराखडे कुणाकडे नाहीत. म्हणजे वस्तूवरूनच वस्तू लिहायची. बहुतेक पेट्या पोचे पडून अशा झाल्यात की त्यांच्यात मूळ आकार शोधणं व्यर्थ. बऱ्याच उचकापाचकीनंतर एक सापडली. कड्या शाबूत, पट्टा मूळचा, कोपरे न उघडलेले, फक्त झाकणाचं रबर गेलेलं. कुठल्या केंद्राची ते कळत नाही, कारण माल जमा करताना क्रमांक खरवडून टाकतात. कळायची गरजही नाही.

डावी बाजू मोजताना हात थांबला. पत्र्यात एक खाच आहे. उथळ, लांबट, तळहाताहून थोडी मोठी. ओरखडा नाही, रंग उडालेला नाही. कडेपासून मध्यापर्यंत अशी सावकाश उतरत जाते की डोळे मिटून बोट फिरवलं तरच सुरुवात सापडते. इतकी वर्षं या पेट्या हाताखालून गेल्या आणि मला ही दिसली नव्हती. बाकीच्यांच्या पोच्यांत ती हरवून गेली असणार.

मशीनला असं वळण देता येत नाही. ज्याने दिलं त्याला काहीतरी माहीत होतं. 

रविवार, १५ जानेवारी

धाकटी आली होती. नेहमीसारखी खुर्चीत तिरकी बसली, एक पाय लांब करून. लहानपणापासून हिला सरळ बसायचं वळण नाही. नव्या पेट्यांचं काम माझ्याकडे आल्याचं सांगितलं तर म्हणाली, “मग जरा बायांचा विचार कर. मागच्या साली बदलून दिलीस ती पेटी कमरेला नुसती बोचते. आधीची बरी होती. तिच्यावर मी अख्खी आपटले होते कातळावर, तरी बरी होती.”

जुना माल तो जुना माल. मी तेच म्हणतोय.

आमची ही म्हणाली, “वन्सं, पेटीचा विषय काढू नका. जेवताना भाकरीसुद्धा मोजून तोडतायत.”

धाकटी म्हणाली, “वहिनी, हा लहानपणी मला उंची मोजायला भिंतीला उभी करायचा आणि कान पिरगाळून टाच खाली टेकवायचा.”

दोघी हसल्या. त्यात हसण्यासारखं काय आहे? टाच वर असली की माप चुकतं.

शुक्रवार, २० जानेवारी

तपशीलपत्रक पुरं झालं. खाचेचं कोडंही सुटलं. उन्हाने पत्रा फुगतो. सपाट पत्रा फुगला तर सांधे उचकटतात, सांधे उचकटले की गरम हवा आत. म्हणून त्या अनाम माणसाने पत्र्याला फुगायला आधीच जागा करून ठेवली. वाळत घातलेलं कापड सैल सोडावं तशी. खाचेची खोली मी बोटाबोटाच्या अंतराने घेतली, त्यावरून आडवे छेद काढले आणि शेवटी पूर्ण रेषा एका झटक्यात ओढली. आकृती सात. आयुष्यात मी काढलेली ही सर्वांत सुंदर रेषा. एका टोकाला थोडी भरदार, मग हळूच निमुळती. खाचेवर वेगळी टिपणी जोडली, तीच चार पानांची झाली.

त्या माणसाचं नावही कुणाला माहीत नाही. त्याला कुणी शाबासकी दिली असेल का? मी मनातल्या मनात दिली.

सोमवार, १३ फेब्रुवारी

आज निविदा उघडल्या. उघडल्या म्हणजे उघडली. एकच आली.

दर जुन्या पेटीच्या तिप्पट. हेडक्लार्कने पाकीट उलटं करून झटकलं, जणू आत आणखी कुणी अडकलंय. दोन कारखानदारांनी फोनवर सांगितलं म्हणे, की पेटी करू हो, पण ती डावीकडची भानगड जमणार नाही. भानगड म्हणे.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

ज्याने निविदा भरली तो नमुना घेऊन आला. म्हातारा साचेवाला, हातांवर जुने चटके. पेटी टेबलावर ठेवून डावी बाजू माझ्याकडे केली. मी व्हर्नियर लावला. इकडे लावला, तिकडे लावला. मग खिशात ठेवून दिला आणि नुसता हात फिरवला. तीच. कुठेही फरक नाही. मी शब्द लिहिले होते, आणि तीन गावं ओलांडून पलीकडे या माणसाने त्या शब्दांतून ती तशीच्या तशी बाहेर काढली होती.

“तीन साचे फोडले हिच्यापायी,” तो म्हणाला. “पण काय वळण आहे साहेब. घरी सुनेला दाखवलं, तीही म्हणाली, हे जिवंत वाटतं.”

माझे डोळे भरून आले, ते मी चष्मा पुसतोय असं दाखवलं.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

मॅडमनी बोलावलं. टेबलावर माझं पत्रक, हेडक्लार्क बाजूला.

हेडक्लार्क म्हणाला, “एकच निविदा आहे, पण उन्हाळा तोंडावर आलाय. तातडीची बाब म्हणून नियमात बसवून देतो.”

“बसेल,” मॅडम म्हणाल्या. “पण एवढ्या दराने मंजूर पैशात तिसरा हिस्सा केंद्रांनाच पेट्या मिळतील. उरलेल्यांना काय सांगू? बर्फ फुंकर घालून गार ठेवा?” मग माझ्याकडे वळल्या. “दर या खाचेने वाढलाय. ही कशासाठी आहे ते मला सांगा.”

मी सांगितलं. उन्हापासून सुरू केलं, सांध्यांपर्यंत आणलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.

“हे कुणाला विचारून ठरवलंत?”

“वस्तूलाच विचारलं.”

“आणि ती वाहणाऱ्या बाईला?”

“माझी धाकटी बहीणच वाहते.”

“अरे वा. मग ती काय म्हणाली?”

मी म्हटलं, ती काय म्हणणार, तिला पेटी उचलायची असते. मॅडम म्हणाल्या, “परवा बोलवा त्यांना. साचेवाल्यांनाही.”

बाहेर आल्यावर मला थोडा राग आला होता. इंजिनिअरच्या पत्रकावर कधी नर्सची सही घेतली नाही कुणी.

शनिवार, १८ फेब्रुवारी

जसं घडलं तसं लिहितो.

धाकटी आली, मॅडमना नमस्कार केला आणि साचेवाल्याच्या पेटीकडे गेली. पट्टा खांद्यात अडकवून पेटी डाव्या कमरेवर घेतली. थांबली. पेटी खाली ठेवली. खाचेवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

“दादा, ही कुठून आणलीस?”

“नवी आहे. यांनी घडवली.”

“नवी?” ती पुन्हा वाकली, पुन्हा हात फिरवला, आणि हसायलाच लागली. हसता हसता टेबल धरून खाली बसली. “अरे, हा माझा पोचा आहे. मी पडले होते ना कातळावर? पेटी खाली आणि मी वरती. माझ्या कमरेने पडलाय हा. दोन वर्षं मी हाच घेऊन चढत होते, मला नाही ओळखू येणार? झाकणाचं रबर गेलं म्हणून जमा केली मी ती पेटी. तू मला पावतीसुद्धा दिली होतीस.”

साचेवाल्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग अगदी हळू म्हणाला, “बाई, पोचा म्हणू नका हो आता. तीन साचे फोडलेत मी.”

हेडक्लार्क खोकण्याच्या निमित्ताने बाहेर गेला. बाहेर तो खोकत नव्हता.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी धाकटीला विचारलं, “तुम्हाला लागलं नाही त्यात?”

“लस शाबूत राहिली,” धाकटी म्हणाली. “सगळी दिली त्या दिवशी. पण एक सांगू का मॅडम? पोचा पडल्यापासून ती पेटी कमरेला बसायला लागली. आधी तिची कड बोचायची, चढताना सारखी पुढे ढकलावी लागायची. नंतर अशी बसली, की एक हात मोकळा राहायचा. झाडाबिडाला धरायला.”

मॅडमनी पेन उचललं. “आणखी काय काय होतं चढताना? सावकाश सांगा.”

धाकटी सांगत राहिली. झाकणाला दोन हात लागतात म्हणून पेटी चिखलात टेकवावी लागते. पट्टा ओला झाला की घसरतो. मी उभा राहून ऐकत होतो. यातलं निम्मं तिने आमच्या घरी चहा पिता पिता कितीदा सांगितलेलं, हे मला शब्दाशब्दाला आठवत होतं.

रविवार, १९ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही नाही. व्हर्नियर तेल लावून ठेवून दिला.

बुधवार, २२ फेब्रुवारी

फेरनिविदा. ऑफिसात गेलो तर हेडक्लार्क म्हणाला, “राव, सूतभर सोडून आता खाचभर म्हणायचं का?” मी राजीनाम्याचा विचार मनात घोळवत मॅडमकडे गेलो, तर त्यांनी कोरा कागद पुढे केला.

“लिहा. मी सांगते.”

त्यांनी सांगितलेलं सगळं अर्ध्या पानात मावलं. भरलेली पेटी एका बाईला डोंगर चढून नेता यावी. कमरेला, खांद्याला बोचू नये. सकाळी भरलेला बर्फ संध्याकाळी हलवला तर खडखडावा. टेबलावरून पडली तर उघडू नये. झाकण एका हाताने उघडावं, एका हाताने लागावं.

“पत्रा किती जाडीचा?” मी विचारलं.

“पत्राच कशाला? ते करणाऱ्याचं डोकं.”

“आकार?”

“तोही त्यांचा.”

मला आराखड्याशिवाय घर बांधायला सांगितल्यासारखं झालं. मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, “आपल्याला काय हवंय ते आपल्याला नक्की माहीत असतं. ते कशाने होईल हे बाहेरच्या शंभर डोक्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. आपण आकार लिहून दिला की त्या शंभर डोक्यांना कुलूप लागतं.”

मग दर. मी म्हटलं, ज्याचा दर कमी त्याची पेटी, एवढंच ना? त्यांनी मान हलवली. पेटीची किंमत, ती टिकेल तेवढ्या वर्षांची दुरुस्ती, आणि बर्फ वितळून जी लस फेकावी लागेल तिची किंमत, असं सगळं मिळवायचं. त्याला गार पोचलेल्या लसींनी भागायचं. एका बाळापर्यंत एक लस पोचवायला ज्या पेटीला सर्वांत कमी पडेल, ती पेटी स्वस्त. “आणि हा हिशेब निविदेतच छापायचा,” त्या म्हणाल्या. “म्हणजे नंतर कुणाला बदलता येणार नाही. मलासुद्धा.”

मी जन्मभर वस्तूची किंमत वस्तूवर चिकटवलेली पाहिली. ती डोंगरावर, बाळाच्या दंडापाशी जाऊन मोजायची असते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

राजीनाम्याचं काढणार होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “चाचण्या कशा घ्यायच्या, ते मात्र तुम्ही लिहा. किती उंचीवरून टाकायची, बर्फ किती, थर्मामीटर कुठे. तिथे मला सूतभरही ढिलाई नकोय.”

घरी येऊन व्हर्नियरचं तेल पुसलं.

सोमवार, १३ मार्च

ज्याने ऑफिसचं अंगण आज पाहिलं नाही त्याने काय पाहिलं?

नमुने आले. नावं झाकून त्यांच्यावर अक्षरं चिकटवताना माझा हात सारखा थांबत होता. एकच अर्ध्या पानाचा कागद, आणि त्याला आलेली ही उत्तरं. दप्तरं शिवणाऱ्याने पाठीवर घ्यायची पिशवी केलीय, आत बर्फाला कप्पे. मासळीचे डबे करणाऱ्याने आपल्याच डब्याला पट्टे लावलेत, झाकून ठेवलं तरी वासावरून ओळखू येतं. एकाने लोकरीचा अंगरखा घातलेली बरणी आणलीय. एकाने चाकं लावलीत. तो कधी डोंगर चढलेला नाही. साचेवाला पुन्हा आलाय. त्याने या वेळी पेटीची अख्खी एक बाजूच आत वळवलीय, मडक्याची मान असते तशी, एका साच्यात एका दाबात निघणारी. दर पहिल्या वेळच्या तिसऱ्या हिश्शाहूनही थोडा कमी.

मी या सगळ्यांच्या मधे उभा राहिलो. माझ्या एकोणीस आकृत्यांत यातली एकही पेटी नव्हती. असू शकलीच नसती.

हेडक्लार्क शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, “चाकंवाल्याला चहा तरी पाजू. लांबून ढकलत आणलीय बिचाऱ्याने.”

टेबलावरून पाडण्याची चाचणी दुपारी झाली. बरणी गेली.

गुरुवार, १६ मार्च

डोंगराची चाचणी. खऱ्या वाटेवर, खऱ्या नर्सेसनी वाहून. पेट्यांत फक्त बर्फ आणि थर्मामीटर. धाकटीचा शेरा मोजायचा नाही असं मॅडमनी आधीच सांगितलेलं, कारण ती माझी बहीण. धाकटी म्हणाली, “कमरेचा नमुना माझा आणि मत मात्र माझं नको. सरकार बरं आहे तुमचं.” तरी आली. साचेवाल्याची पेटी तिच्याकडे होती.

ही वाट मी कागदावर कितीदा पाहिलीय. ‘केंद्र ते वरची वस्ती, पायी.’ एवढंच लिहिलेलं असतं. ती पायी म्हणजे काय हे मला आज कळलं. पहिल्या चढालाच माझा श्वास लागला. बाया पुढे गप्पा मारत चाललेल्या, कुणाच्या मुलीला नोकरी लागली, कुणाची सासू अजून बोलत नाही. खाली दरी, आणि त्या भरलेल्या पेट्या कमरेवर घेऊन, बोलता बोलता, अशा चढत होत्या, की मी दोनदा नुसता बघत उभा राहिलो. वर्षानुवर्षं आमच्या भांडारातून गेलेली प्रत्येक बाटली या वाटेने गेली होती. आवक-जावकच्या रकान्यात मी फक्त ‘पोचली’ असं लिहीत आलो.

मी धाकटीच्या मागे होतो. ती डावा पाय प्रत्येक वेळी आडवा टाकत होती, टाच बाहेर, मग त्यावर भार. चढण्याची एखादी युक्ती असावी म्हणून मीही तसा पाय टाकून पाहिला. जमेना. मागून दप्तरवाल्याची पिशवी घेऊन येणाऱ्या बाईला विचारलं, ही काय पद्धत?

ती म्हणाली, “पद्धत कसली दादा? पडल्यापासून तशीच चालते ती. आम्ही म्हणतो खालच्या केंद्रात बदली माग, तर म्हणते वरती कोण येणार मग. आणखी एक वर्ष रेटेल फार तर.”

मग मला ती खुर्चीत तिरकी बसलेली दिसली. आणि त्याच्याही आधीची, माझ्या भिंतीला लागून दोन्ही टाचा टेकवून उभी असलेली. लहानपणी ती अगदी सरळ उभी राहायची.

पुढे जाऊन मी तिच्याकडे पेटी मागितली.

“सोड,” ती म्हणाली. “चाचणी मोडेल.”

नियम माझाच होता. चाचणी पूर्ण होईपर्यंत वाहक बदलू नये.

वर गेलो. झाडाखाली बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. एवढ्या पेट्या बघून एकीने विचारलं, “एवढी सुई टोचणार?” संध्याकाळपर्यंत तिथेच थांबलो. मग एकेक पेटी हलवून पाहिली. मासळीच्या डब्यात पाणी डुचमळलं. चाकाची पेटी तर अर्ध्या वाटेत सोडूनच आलो होतो. दप्तराच्या पिशवीत थोडी खडखड. साचेवाल्याची पेटी धाकटीने दोन्ही हातांनी उचलून माझ्या कानाजवळ हलवली. दिवसभराच्या उन्हानंतर आत बर्फ खणखणत होता. मी ती पुन्हा हलवायला लावली.

शुक्रवार, १७ मार्च

मॅडमनी सगळ्यांसमोर हिशेब मांडला. सर्वांत कमी दराचा मासळीचा डबा बाळापाशी पोचेस्तोवर सर्वांत महाग निघाला. साचेवाल्याची पेटी दरात चौथी आणि हिशेबात पहिली. मंजूर पैशात सगळ्या केंद्रांना पुरून वर थोड्या उरतात. मासळीवाल्याने हिशेब दोनदा तपासला, मान डोलावली आणि साचेवाल्याला विचारलं, “मला माशांसाठी करून देशील का?”

मी टाळ्या वाजवल्या. आमच्या ऑफिसात टाळ्या वाजवायची रीत नाही, पण वाजवल्या.

बुधवार, ५ एप्रिल

पहिल्या पेट्या आल्या. डोंगरावरच्या केंद्रांना आधी पाठवल्या. कडक ऊन अजून यायचंय. प्रत्येक पेटी मी तपासली. एक परत केली, कडी सूतभर ढिली होती. साचेवाला म्हणाला, “मला वाटलंच.”

जुनी पेटी, ती मोजलेली, लिलावाच्या ढिगात पुन्हा टाकायची होती. मॅडमना विचारून ती चाचण्यांच्या कपाटात ठेवून घेतली. नोंद केली: ‘संदर्भासाठी.’

बुधवार, १२ एप्रिल

धाकटीला हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. यायला तयार नव्हती. “मीच नर्स आहे, मला काय दाखवतोस?” म्हणाली. मी म्हटलं, नर्सचं मत या कामात मोजत नाहीत, नातं आहे. तेव्हा हसली आणि आली.

डॉक्टरांनी एक्स-रे काढून दिव्यासमोर धरला. काळ्यावर पांढरी, एका टोकाला भरदार, मग हळूच निमुळती होत गेलेली कमरेच्या हाडाची ती रेषा मला कुणी दाखवायची गरज नव्हती. आकृती सात. छेद घेऊन घेऊन, श्वास रोखून मी ती काढली होती, आणि ज्याने ती घडवली त्या अनाम माणसाला मनातल्या मनात शाबासकी दिली होती. ते माणूस, माझी धाकटी, पलीकडच्या बाकावर बसून डॉक्टरांच्या मदतनीस पोरीला विचारत होती, तुमच्याकडे लस कशात ठेवता?

डॉक्टर म्हणाले, “तडा जुना आहे. हाड थोडं वाकडं सांधलंय. वेळीच दाखवलं असतं तर बरं होतं. पण व्यायाम दिला, चढण बंद केली, तर पुढे त्रास वाढणार नाही.”

खालच्या केंद्रात बदलीचा अर्ज मी तिथेच बाकावर लिहिला. तिने सही करायला बराच वेळ लावला. वरती कोण जाईल, हे दोनदा विचारलं. मॅडमनी आधीच खात्यात बोलून वरती दोन नव्या नर्सेसची नेमणूक करवून घेतलीय, असं सांगितलं तेव्हा केली.

घरी येताना तिची पर्स माझ्याकडे होती. तिने ती मला घेऊ दिली.

थोडं वाकडं म्हणजे किती, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही.